बंद गाडीचा काटा

१

शैलावर कोणी म्हणजे कोणीच विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, पोटच्या पोरीने नाही, बिल्डिंगच्या सिक्युरिटीवाल्याने नाही, आणि जिच्यासाठी ती भरल्या ताटावरून उठून धावली असती त्या विनीताने तर नाहीच नाही. मार्चपासून ऑगस्टपर्यंत शैला एकच सांगत होती, "गाडी मी बंद केली होती." पाच महिने एकच वाक्य बोलणारं माणूस लोकांच्या लेखी एक तर खोटारडं असतं, नाहीतर खुळं. शैला खोटं बोलत नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिच्या वाट्याला दुसरं आलं.

झालं होतं असं. शैला आणि विनीता सख्ख्या जावा. बारा वर्षं दोघींनी मिळून डब्यांचा धंदा चालवला. एका जुन्या फॅक्टरी बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघर, रोजचे एकशे साठ डबे, आणि खाली माल चढवा-उतरवायच्या जागेत, लोडिंग बेमध्ये, त्यांची म्हातारी डिझेल पिकअप. स्वयंपाक विनीताचा, गाडी शैलाची. शैला चौथी शिकलेली. इथे परदेशात लायसन्सची लेखी परीक्षा इंग्रजीत; चार वेळा आपटली, पाचव्यांदा पास झाली आणि खिडकीतल्या बाईला मराठीतच म्हणाली, "आता तू चालवून दाखव पिकअप." वडिलांच्या मॅटाडोरवर कराडच्या बाजाराला भाजी नेत हात बसलेली बाई ती. गाडी लावली की किल्ली फिरवून बंद, मग पहिला गिअर, मग हँडब्रेक. तिला आठवावं लागत नसे, हातच करत.

त्या शुक्रवारीही केलं. भिंतीला तोंड करून गाडी लावली, बंद केली, गिअरमध्ये टाकली. किल्ली आतच ठेवली, कारण मागून लॉरी आली तर कोणालाही गाडी हलवता यावी म्हणून लोडिंग बेमध्ये सगळेच ठेवतात. मग डबे आणायला ती वर गेली. विनीता खालीच, गाडी आणि भिंत यांच्या मधल्या जागेत पाठमोरी वाकून रिकामे क्रेट रचत होती. दहा मिनिटांनी, सव्वाअकराला, किंकाळी आली. शैलाला ऐकू आली नाही, बाकीच्यांना आली. गाडी दीड हात पुढे गेली होती आणि विनीताचा गुडघा बंपर आणि भिंत यांच्यात होता.

"गाडी घरघरत होती. मी ऐकली," विनीताने हॉस्पिटलात सांगितलं.

तिथेच निकाल लागला. शैलाचा डावा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता, उजवाही त्याच वाटेला लागला होता. गाडी न्यूट्रलवर चालू सोडून ती वर गेली, तिला कळलंच नाही, जुना हँडब्रेक घसरला. सगळ्यांचं गणित सुटलं. कॅमेऱ्यात दिसत होता गाडीचा मागचा भाग आणि एक खांब.

"मी बंद केली होती," शैला म्हणाली.

"हो हो," सगळे म्हणाले.

२

आरपीएमचा काटा बसवायची कल्पना सारंगची.

सारंग शैलाच्या बहिणीचा मुलगा. पुण्याहून आला, चांगी बिझनेस पार्कमध्ये कॉम्प्युटरचं काम करायचा आणि चार वर्षं शैलाच्याच घरात राहायचा. इथे राहून नोकरी करायचा त्याचा सरकारी पास ऑक्टोबरात रिन्यू व्हायचा होता, आणि ऑक्टोबर जवळ येईल तसा तो देवासमोर जरा जास्त वेळ उभा राहू लागला होता. अपघाताच्या दिवशी तो सुट्टीवर होता, स्वयंपाकघरात मदतीला आला होता. किंकाळी ऐकून जिन्याने तोच पहिला खाली पोचला आणि गाडी मागे घेऊन विनीताला त्यानेच सोडवलं. "गाडी चालू होती की मी चालू केली, खरंच आठवत नाही गं मावशी," एवढं तो म्हणत असे. सगळ्या घरात 'आठवत नाही' म्हणणारा तो एकटाच. बाकीच्यांना, तिथे नसूनही, सगळं आठवत होतं.

रविवारी सकाळी कार पार्कच्या उघड्या गच्चीवर त्याने हत्यारं मांडली. पिकअप सगळ्यात स्वस्तातलं मॉडेल. डॅशबोर्डवर स्पीडचा काटा, डिझेलचा काटा आणि तिसऱ्या भोकात बंद पडलेलं घड्याळ. ते घड्याळ सारंगने उपसून काढलं आणि तिथे नवा गोल बसवला. काळी तबकडी, पांढरे आकडे शून्य ते सहा, नारिंगी काटा. तार डॅशबोर्डच्या मागून रबराच्या बुचातून इंजिनाकडे नेली.

"ह्याला टॅकोमीटर म्हणतात. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवतो. एक म्हणजे हजार. गाडी नुसती उभी असली की काटा एकच्या जरा अलीकडे. गाडी बंद, काटा शून्य. कानाला विचारायचंच नाही, मावशी."

"आणि काटाच खोटं बोलला तर?"

"काटा कशाला खोटं बोलेल? त्याला काय घेणंदेणं?"

शैला हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. किल्ली फिरवली, काटा उठला, एकच्या अलीकडे जाऊन थरथरत उभा राहिला. बंद केली, काटा निजला. उठवला, निजवला. एखाद्या लहान पोराला खेळणं मिळावं तसं तिने आठदा केलं. "बॅटरी उतरेल गं," सारंग म्हणाला, पण त्याच्या तोंडावरही हसू होतं.

आठवडाभर तर काटा सोन्यासारखा वागला. कुठल्या गिअरला इंजिन ओढ घेतंय ते दिसू लागलं. चढावर क्लच जळायचा बंद झाला. शैलाने नवऱ्याला ऐकवलं, "तुमच्या ऑडिटपेक्षा बरा आहे. जे आहे तेच दाखवतो."

३

हार्बरफ्रंटला डबे द्यायला गेली तेव्हा, तिथल्या ऑफिस बिल्डिंगच्या तळघरात पहिल्यांदा झालं.

सव्वाअकराची वेळ. शैलाने गाडी लावली, बंद केली, काट्याकडे पाहिलं. शून्य. किल्ली काढून मुठीत घेतली. अपघातानंतर ती किल्ली कुठेच आत सोडत नसे. उतरायला दार उघडलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

काटा आगपेटीच्या काडीच्या गुलाएवढा उचलला आणि पडला.

ती तशीच बसून राहिली, एक पाय बाहेर, एक आत. पुन्हा नाही हलला. गाडी चालू राहिली असेल, हा पहिला विचार. मग सगळे म्हणत होते तेच खरं. तिने मूठ उघडली. किल्ली मुठीतच होती. खाली उतरून बॉनेटवर तळहात टेकला. गरम होतं, पण थरथर नव्हती. पाइपशी वाकून हात धरला, वारा नाही.

तरी खात्री होईना. लिफ्टपाशी सिक्युरिटीचा म्हातारा चिनी अंकल उभा होता. त्याला हाताने बोलावलं. "अंकल, इंजिन ऑन? ऑर ऑफ?"

त्याने गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ऑफ लाह, आंटी."

"शुअर?"

"यू होल्डिंग द की, आंटी."

ते तिलाही दिसत होतं. न दिसणारं काय आहे, ते विचारायचं होतं. त्यासाठी इंग्रजी नव्हतं. मराठीतही नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी वन-नॉर्थच्या ऑफिसांपाशी, तीच वेळ. काटा उचलला, तसाच थरथरला, पडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि ह्या खेपेला थरथर जरा लांबली. शैलाच्या लक्षात आलं की रोज आदल्या दिवसाचं जसंच्या तसं होतं आणि शेवटी एक चिमूटभर नवं. शाळेत बाई पाठांतर घ्यायच्या तसं. कालची ओळ म्हणायची, मग तिच्या पुढचे दोन शब्द.

सारंगला सांगितलं. त्याने संध्याकाळी तासभर गाडीत बसून पाहिलं. काटा शून्यावरून ढिम्म हलला नाही. "तारेत कुठूनतरी करंट येत असेल. तळघरात काय कमी वायरिंग असतं?" त्याने इंजिनाकडची तार सोडवली, डॅशबोर्डच्या मागची जोडणीही काढली, तारेचं भेंडोळं करून तिच्या हातात दिलं. "आता तो नुसता चित्रातला काटा. बघ उद्या."

उद्या सव्वाअकराला तारेचं भेंडोळं शैलाच्या मांडीवर होतं, किल्ली त्याच्यावर ठेवली होती. काटा उचलला. थरथरला. पडला. पुन्हा उचलला.

घरी जेवताना तिने सांगितलं. प्रताप, तिचा नवरा, शिपिंगच्या ऑफिसात अकाउंटंट; मोजूनमापून बोलणारा. त्याने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "आधी कान. आता डोळे?"

"माझ्या डोळ्यांना धाड भरलेली नाही."

"मी काय म्हणतो शैला, लायसन्स परत करून टाकू. ड्रायव्हर ठेवू. एक माणूस आयुष्यभर लंगडणार आहे. तेवढं पुरे."

"माझ्यामुळे नाही लंगडत ती."

"बरं," प्रताप म्हणाला. त्या 'बरं'पेक्षा त्याने ताट फेकलं असतं तर बरं झालं असतं.

अश्लेषा समोर मान खाली घालून भाताची शितं वेगळी करत होती. बावीस वर्षांची एकुलती एक मुलगी. मार्चपासून ती वाळत चालली होती. पूर्वी सुट्टी असली की डबे भरायला यायची; आता पिकअपमध्ये पाय ठेवत नसे, पाऊस असो की ऊन, एमआरटीची ट्रेनच. "मम्मी," ती न बघताच म्हणाली, "जस्ट से सॉरी लाह. काकूला सॉरी म्हण. देन फिनिश."

"न केलेल्याचं सॉरी?"

"व्हाय मस्ट यू बी राइट ऑल द टाइम!" खुर्ची मागे ढकलून ती आत गेली. शैलाला शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण सूर कळला. त्यात राग नव्हता. काय होतं ते तिला सांगता येईना.

५

विनीता दोन ब्लॉक पलीकडे राहायची. तिचा नवरा, म्हणजे शैलाचा धाकटा दीर, जहाजावर. वर्षाचे चार महिने घरी. शैला रोज संध्याकाळी डबा घेऊन तिच्या दारी जायची, जाळीच्या गेटला अडकवायची आणि बेल वाजवायची. गेट उघडत नसे. रिकामा डबा दुसऱ्या दिवशी तिथेच लटकत असे, धुतलेला.

त्या दिवशी मात्र आतलं दार उघडलं. विनीता काठीवर भार देऊन जाळीमागे उभी होती. शैलाला तिचे ओठ दिसावेत म्हणून ती उजेडात सरकली. एवढं पाच महिन्यांच्या अबोल्यातही ती विसरली नव्हती.

"ताई, मला तुमच्याकडून भरपाई नको, डबा नको. एकदा म्हणा, 'विनीता, चुकलं माझं.' मी गेट उघडते. उद्यापासून स्वयंपाकघरात येते, बसून कणीक मळते. एवढंच म्हणा."

शैलाच्या ओठांवर आलं होतं. तीन शब्द. बारा वर्षं जिच्या खांद्याला खांदा लावून भाकऱ्या थापल्या तिच्यासाठी तीन शब्द काय जड होते? पण ते खोटे होते, आणि खोट्यावर गेट उघडून घ्यायचं तिच्याच्याने होईना.

"गाडी मी बंद केली होती, विनीता."

आतलं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी कानाची तपासणी होती. अश्लेषाने ॲपवरून तासाच्या भाड्याची छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिच्याकडे ऑटोमॅटिकचंच लायसन्स. शैला शेजारी बसली. पोरीने सीट पुढे घेतली नाही. घेत नसेच कधी. सीटच्या कडेवर येऊन बसायची, डावा पाय मांडीखाली दुमडून, लहानपणी जेवायला बसायची तशी. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नसतं. "पाय सोडून नीट बस, पडशील," शैला म्हणाली. "मम्मी, चिल," अश्लेषा म्हणाली आणि उजव्या पायाने ब्रेक दाबून गाडी चालू केली. सबंध रस्ताभर तिने आईकडे पाहिलं नाही. दर शनिवारी ती विनीताला फिजिओथेरपीला न्यायची, एकही शनिवार चुकवला नव्हता. केवढी माया पोरीला काकूची, असं शैलाला वाटायचं.

तपासणीत उजवा कान आणखी खाली गेल्याचं निघालं.

६

दोन आठवड्यांत काट्याचं पाठांतर पुरं झालं. आता रोज सव्वाअकराला सगळं सलग होई. एक बारीक उचकी. थांबा. मग शून्याच्या अंगालाच धडपडती थरथर, जणू कोणाला उठायचं आहे आणि पाय बांधलेत. मग एकदम झेप, एकच्या पलीकडे, दोनला शिवून. आणि धाडकन मेल्यासारखा खाली. त्यापुढे काही नाही.

शैला गोंधळली होती, पण गोंधळून बसणाऱ्यातली नव्हती. ही झेप कशाची, एवढं तरी कळायला हवं. तिने सारंगकडून तार पुन्हा जोडून घेतली. रविवारी गच्चीवर प्रतापला सीटवर बसवलं.

"चालू करा."

"हे काय चाललंय?"

"करा म्हणते ना."

प्रतापने क्लच दाबला, किल्ली फिरवली. काटा सरळ उठून एकच्या अलीकडे उभा राहिला. शहाण्यासारखा.

"आता तू, सारंग."

सारंगनेही आधी क्लच दाबला. काटा तसाच उठला. पाचदा करून दाखवायला लावलं, पाचही वेळा त्याचा डावा पाय आधी गेला. "सवय आहे गं मावशी. गाडी गिअरमध्ये असली तर? क्लच न दाबता किल्ली कोण फिरवेल?"

शैलाने त्याच्या बाजूचं दार उघडलं. मग म्हणाली, "उतर. बाजूला व्हा दोघं. लांब."

ती बसली. पुढे मोकळी गच्ची होती. पहिला गिअर टाकला. दोन्ही पाय उचलून घेतले आणि किल्ली फिरवली. काटा शून्याशी धडपडला, झेपावला, दोनला शिवला. पिकअप बेडकासारखी पुढे उडाली, शैलाचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं, आणि सगळं मेलं. काटा खाली.

"मावशी!" सारंग धावत आला.

तिच्या भुवईतून रक्त येत होतं आणि ती हसत होती. "दीड हात," ती म्हणाली. "मोज. दीड हात गेली का नाही ते मोज."

गाडी बंदच होती. गिअरमध्येच होती. कोणीतरी, ज्याला ह्या गाडीचं काही ठाऊक नाही अशा कोणीतरी, क्लच न दाबता किल्ली फिरवली. कुठला तरी नवखा लॉरीवाला असेल, एसी लावायला बसलेला कोणी असेल, पळून गेला असेल मेला. ते कोण ह्याचा विचार करायलाही तिला सवड नव्हती. विनीताने घरघर ऐकली ती खरी. शैलाने बंद केली तेही खरं. पाच महिने दोघी खऱ्या होत्या आणि मधे जाळीचं गेट होतं.

तार जोडलेली नसतानाही काटा का हलायचा, हे तिने त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

७

शनिवारी ऑफिसं बंद, डबे नाहीत. लोडिंग बे रिकामा होता. शैलाने विनीताला अक्षरशः ओढून आणलं होतं. "एकदा बघ. काही दिसलं नाही तर सगळ्यांसमोर 'चुकलं माझं' म्हणेन, तुझ्या पायावर डोकं ठेवून म्हणेन." त्या बोलीवर विनीता आली होती. फिजिओथेरपीची वेळ बाराची. अश्लेषा काकूला न्यायला इथेच येणार होती.

पिकअप त्याच जागी, भिंतीला तोंड करून. ह्या वेळी न्यूट्रलला, चाकांना विटा लावून. शैलाने इंजिनाकडची तार सोडवून ठेवली. विनीताला डाव्या सीटवर बसवलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. "घट्ट धर. तुझ्याकडे आहे ना? आता ह्या गोलाकडे बघ, बाकी कुठे बघू नकोस."

स्वतः ती ड्रायव्हरच्या उघड्या दारात उभी राहिली, आत न बसता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आत बसवेना.

अकरा दहा. अकरा बारा. वरच्या पाइपातून पाणी टपकत होतं. शैलाला थेंब दिसत होते, आवाज नव्हता.

काट्याने उचकी दिली.

"अगं बाई," विनीताचे ओठ हलले.

काटा धडपडू लागला. विनीताने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. तिचा चेहरा पांढरा पडत गेला. "ताई, बंद करा! चालू झाली! ऐकू येत नाही का तुम्हाला, घरघर... हीच, ताई, हीच..." आणि मग तिला आपल्या मुठीतली किल्ली आठवली. तिने मूठ उघडून पाहिली.

शैलाला काही ऐकू येत नव्हतं. ती काट्याकडे बघतही नव्हती. ती समोरच्या रिकाम्या सीटकडे बघत होती.

सीटचं जुनं रेक्झिन कडेला दबलं होतं. मागे, जिथे माणूस टेकून बसतं, तिथे फुगलेलंच होतं. फक्त पुढची कड खाली गेली होती, एका बाजूला जरा जास्त, खाली पाय दुमडून घेतल्यासारखी. वजन फार नव्हतं. खाली ब्रेकचा पेडल नुसता पाय टेकवल्याएवढा दबला होता आणि तिथेच थांबला होता. त्याच्या शेजारी क्लचचा पेडल सरळ उभा. त्याला कोणाचं काही काम नव्हतं.

काटा झेपावला. दोनला शिवला. पडला.

मग पेडल वर आला. रेक्झिनची कड हळूहळू वर आली. आणि दारात उभ्या शैलाच्या कुशीला घासून कोणीतरी घाईघाईने खाली उतरलं. कोवळा खांदा होता. त्याची उंची तिला ठाऊक होती. तो आपल्या दंडाला कुठे लागतो तेही ठाऊक होतं. बावीस वर्षं लागत आला होता.

ती वळली. मागे कोणी नव्हतं. फक्त उताराच्या तोंडाशी, बाहेरच्या पांढऱ्या उन्हात, अश्लेषा उभी होती. आत्ताच आली असावी. एका हातात काकूची फिजिओथेरपीची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. ती आत येत नव्हती. पिकअपकडे बघत होती, आणि मग तिने आईकडे पाहिलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत.

विनीताने मागून शैलाचा हात पकडला. ती रडत होती, आणि हात इतका घट्ट धरला होता की किल्ली दोघींच्या तळव्यांत रुतत होती. शैलाला दिसावं म्हणून तिने तोंड वर केलं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "तुम्ही नव्हता, ताई. मी कानांनी ऐकलं. किल्ली माझ्याकडे होती. तुम्ही नव्हताच. मी पाच महिने तुमचं तोंड बघितलं नाही, माझं मेलीचं..." तिने शैलाचा तळवा आपल्या कपाळाला लावला.

ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला होता ते मिळालं होतं. शैलाला नुसतं थंड वाजत होतं.

मग विनीताने डोळे पुसले. "मग कोण होतं?"

शैलाची नजर उताराकडे गेली आणि लगेच परतली.

"तुम्हाला कळलंय. तुमच्या तोंडावर दिसतंय. कोणी माझा पाय घेतला, ताई? तुम्ही कधी खोटं बोलत नाही. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन, पोलिसांनासुद्धा तेच सांगेन. कोण?"

उन्हात अश्लेषाच्या हातातली पिशवी खाली पडली. शैलाला आवाज आला नाही. विनीता त्या बाजूला मान वळवू लागली तशी शैला दार आणि उजेड यांच्यामध्ये सरकली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने आपल्याकडे वळवला. आपलं नाव घ्यावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ते विनीताने आत्ताच कायमचं पुसून टाकलं होतं. प्रताप त्या दिवशी ऑफिसात होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उरला होता तो, जो सगळ्यांत आधी खाली पोचला होता, ज्याने गाडी मागे घेतली होती, ज्याला काही नीट आठवत नव्हतं.

विनीताचे डोळे तिच्या ओठांवर होते, पुरा विश्वास ठेवून.

"सारंग," शैला म्हणाली.